मोलिझेच्या डोंगरात ख्रिसमस: सहा रात्री शेतावरच्या घरात

ख्रिसमसला इटली म्हटलं की सगळे रोम, व्हेनिस नाहीतर मिलान करतात. आम्हीही दोनदा केलंय. यावेळी आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे म्युनिकला आले होते आणि बाबांना गर्दी अजिबात नको होती, म्हणून मोलिझेला गेलो. नाव ऐकलं नसेल तर नवल नाही, इटलीतले लोकच गमतीत म्हणतात की मोलिझे अस्तित्वातच नाही. 1963 साली शेजारच्या आब्रुझो प्रांतापासून वेगळा झालेला छोटासा प्रांत आहे, सगळा डोंगर, मेंढ्या आणि चीज. आम्ही 22 ते 28 डिसेंबर आन्योने गावाच्या बाहेर एका अ‍ॅग्रितुरिस्मोत राहिलो, म्हणजे शेतकऱ्याच्याच घरात चार-पाच खोल्या पाहुण्यांसाठी आणि जेवण त्यांच्याच स्वयंपाकघरातलं. माणशी रोज 70 युरो, सकाळ-संध्याकाळचं जेवण धरून. जेवण बघता मला हे पैसे कमीच वाटले.

आधी जेवणाचंच सांगते. 23 ला सकाळी मालकीणबाईंच्या आई, ज्यांना सगळं घर नोन्ना म्हणतं, टेबलावर पारी लाटत बसल्या होत्या. शेजारी पातेल्यात शिजवून वाटलेले काबुली चणे, त्यात मध, दालचिनी, संत्र्याची साल. पारीवर चमचाभर सारण ठेवायचं, दुमडायचं, कडा दाबायच्या, कातण्याने कापायच्या, तेलात सोडायचं. आई दारात उभी राहून दोन मिनिटं बघत होती आणि मग न राहवून म्हणाली, "अगं ही तर पुरणाची करंजी!" आणि हात धुवून सरळ बसलीच. नोन्नांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही, आईला इटालियनचा नाही, पण दोन तास दोघी शंभरेक काल्चूनी करत बसल्या होत्या. आईने एक कड मुरड घालून बंद केली तेव्हा नोन्नांनी तिचा हात धरून ती परत करायला लावली, बोटं नीट बघून घेतली आणि पुढच्या दहा-बारा तशाच केल्या. काही घरांत सारण चेस्टनटचं असतं, यांच्याकडे चण्याचं. मला ही सगळी ट्रिप याच दोन तासांसाठी आठवणार आहे.

24 च्या रात्री घरात मांस शिजत नाही, आपल्या उपासासारखंच मानतात, पण मासे चालतात. खारवलेला कॉड होता, वरून ब्रेडचा चुरा, अक्रोड, बेदाणे घालून भाजलेला, मी आणि नवऱ्याने दोनदा घेतला. आई-बाबा शाकाहारी, त्यांना फ्लॉवरची भजी (खरंच भजीच, फक्त पीठ मैद्याचं), राजम्यासारख्या दाण्यांची पास्ता घातलेली उसळ, भाजलेलं स्कामोर्झा चीज. 25 ला दुपारी त्सुप्पा आल्ला सान्ते, कोंबडीच्या रश्शात तळलेल्या पावाचे तुकडे, काचोकावाल्लो चीज आणि वाटाण्याएवढे मटणगोळे. आई-बाबांसाठी त्यांनी वेगळा भाजीचा रस्सा केला होता, तोही न सांगता, कारण आदल्या दिवशीच त्यांच्या लक्षात आलं होतं. एक मात्र नीट लक्षात ठेवा, इथलं काचोकावाल्लो वासराच्या नाहीतर कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. कडक शाकाहारी असाल तर चीजबद्दल आधीच विचारून घ्या, आम्ही तिसऱ्या दिवशी विचारलं आणि आईला वाईट वाटलं.

आता न्दोच्चाता. यासाठीच 24 तारीख चुकवू नका. डिसेंबरच्या सुरुवातीला 8 तारखेच्या आसपास एकदा आणि मग ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, अशी ही मशालींची मिरवणूक निघते. पूर्वी शेतावरची माणसं मध्यरात्रीच्या प्रार्थनेला अंधारातून गावात यायची ती फरच्या लाकडाच्या मशाली घेऊन, त्याचीच ही मोठी झालेली प्रथा. अंधार पडला की सांत आन्तोनियो चर्चची घंटा वाजते, गावातले दिवे मंद होतात आणि वरच्या गल्लीतून आधी नुसता आवाज येतो, लाकूड तडतडल्याचा. मग दिसतात काळ्या घोंगड्यांसारखे झगे घातलेली माणसं, खांद्यावर तीन-चार मीटर उंच मशाली, काही एकेरी, काही पंख्यासारख्या पसरलेल्या, वर ओळीने जळणाऱ्या ज्वाळा. वजन एवढं की माणूस वाकलेला असतो तरी मध्येच पळतो, गोल फिरतो, ठिणग्या दगडी भिंतींवर आपटतात. आम्ही अरुंद गल्लीत उभे होतो, चेहऱ्याला चटका बसत होता आणि पाठ थंडीने गारठलेली. राळेचा वास जॅकेटला चार दिवस होता. शेवटी उरलेल्या मशाली एकत्र टाकून मोठी आग करतात, बाबा म्हणाले होळीच ही. 1996 साली हीच मिरवणूक व्हॅटिकनच्या चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर निघाली होती, गावात अजून अभिमानाने सांगतात.

मध्येमध्ये झाम्पोन्या वाजवणारे फिरत होते, मेंढीच्या नाहीतर बकरीच्या कातड्याची पिशवी असलेला बॅगपाईप, आणि सोबत चारामेल्ला नावाचं वाद्य. बाबा लहानपणापासून लग्नात सनई ऐकत आलेले, त्यांनी लांबून आवाज ऐकूनच ओळखलं की ही सनईचीच बहीण. पूर्वी डोंगरातले धनगर हे वाजवत ख्रिसमसच्या आधी गावोगाव यायचे. हे मेंढपाळ थंडीत कळप घेऊन खाली पुलियाच्या मैदानात उतरायचे, आपले धनगर पावसाळा संपला की कोकणात उतरतात तसेच. त्यांच्या रुंद वाटांना त्रात्तुरो म्हणतात, मोठ्या वाटा तर 111 मीटर रुंद होत्या! मेंढपाळांच्या या स्थलांतराला 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

गावात बघण्यासारखं आणखी म्हणजे मारिनेल्ली घंटा कारखाना. शेकडो वर्षं एकच घराणं चर्चच्या घंटा ओततंय, 1924 पासून पोपचं चिन्ह वापरायची परवानगी आहे. आधी विटांचा गाभा, त्यावर मातीची खोटी घंटा, त्यावर मेणाची नक्षी, वरून पुन्हा मातीचं आवरण, मग खोटी घंटा काढून टाकायची आणि त्या पोकळीत तांबं-कथिलाचा रस. ओतताना प्रार्थना म्हणतात. संग्रहालयात गाईड घंटा वाजवून दाखवतो, नाद हातात जाणवतो. सणाच्या दिवसांत वेळा बदलतात, आधी फोन करा. जवळच्या पिएत्राब्बोन्दान्ते गावात सॅम्नाईट लोकांचं (रोमनांच्या आधीपासून इथे राहणारे) दगडी थिएटर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं आहे, अर्ध्या तासात बघून होतं, पण दगडी बाकांची पाठ माणसाच्या कण्याच्या वळणाने कोरलीय, त्यावर एकदा बसून बघा.

त्रास झाला तो पण लिहिते. गाडीशिवाय इथे जमणार नाही, आन्योनेला रेल्वे नाही आणि 25-26 ला (26 ला सांतो स्तेफानोची सुट्टी) बसचा भरवसा धरू नका. नेपल्सहून गाडी घेतली, अडीच तास, शेवटचे चाळीस किलोमीटर नुसती वळणं, आईला दोनदा उलटी झाली. इथल्या डोंगरी रस्त्यांवर हिवाळ्यात विंटर टायर किंवा चेन लागतात आणि आम्हाला गाडी देणाऱ्यांनी चेन दिल्या आहेत म्हणून सांगितलं, डिकीत काहीच नव्हतं, ते कळलं बर्फ पडल्यावर. डिकी स्वतः उघडून बघा, त्यांच्या शब्दावर निघू नका. घराचंही एक, खोल्या दगडी आणि हीटिंग रात्री अकराला बंद. पहिल्या रात्री आई स्वेटर, शाल, टोपी घालून झोपली. सकाळी सांगितल्यावर त्यांनी लगेच वेगळा हीटर आणि जाड रजया दिल्या, पण आई-वडिलांना नेणार असाल तर बुकिंग करतानाच विचारा. वायफाय नावाला आहे. 25 ला दुकानं बंद, औषधं सोबत ठेवा.

ज्यांना रोज चार ठिकाणं करायची आहेत त्यांनी इथे येऊ नये, दुपारी तीनपर्यंत जेवण चालतं आणि साडेचारला अंधार. आम्ही 25 ला घराबाहेरच पडलो नाही, चुलीसमोर बसून त्यांच्या नातवंडांबरोबर तोम्बोला खेळलो, आपल्या हाऊजीसारखाच असतो, आकडेही नव्वदपर्यंतच, फक्त झाकायला सुके वाल. बाबांनी इटालियन आकडे तिथेच शिकले. निघताना नोन्नांनी आईला काल्चूनीचा डबा आणि ते पितळी कातणं दिलं, आईने स्वतःची नवी शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली. सातारला पोचल्यावर आईचा फोन आला, कातणं छान चालतंय म्हणून.