कबड्डीवाल्याने रग्बीची कुठली लीग धरावी?

पंचवटीत कबड्डी खेळणाऱ्या माझ्या भाच्याने दिवाळीत विचारलं, "मामा, रग्बी बघायचीय, सुरुवात कुठून करू?" पहाटे त्याचा सराव असतो, म्हणून जागरण नको. टॅकल काय ते त्याला शिकवायला नको, पकड त्याच्या हातातच आहे.

मी सांगितलं, आधी सुपर रग्बी पॅसिफिक. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फिजी आणि पॅसिफिक बेटांचे संघ. तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे दुपारी बाराच्या आसपास सुरू होतो. शनिवारी मिसळ खाऊन घरी यायचं आणि टीव्ही लावायचा. न्यूझीलंड राष्ट्रीय संघात सहसा देशात खेळणाऱ्यांनाच घेतो, त्यामुळे त्यांचे बहुतेक उत्तम खेळाडू इथेच दिसतात. २०२२ मध्ये आलेला फिजीचा संघ, फिजियन ड्रुआ, तर बघाच. खेळाडू टॅकलमध्ये सापडून खाली जात असतो आणि तेवढ्यात एका हाताने चेंडू साथीदाराकडे सरकवतो. पकडीत सापडलेला चढाईपटू मधल्या रेषेला बोट लावतो ना, अगदी तसं! उणीव एवढीच की दक्षिण आफ्रिकेचे संघ आता यात नाहीत आणि मेलबर्न रेबेल्सही २०२४ मध्ये बंद पडला.

ते आफ्रिकी संघ युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपमध्ये गेले. आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, इटली धरून १६ संघ. प्रिटोरियात संध्याकाळी साडेपाचला सामना असला तर आपले रात्रीचे नऊ, जेवण उरकून बघता येतो. नाशिकच्या दुपटीहून उंच असलेल्या त्या शहरात पाहुण्यांना धाप लागते. तरीही २०२४ ची अंतिम लढत स्कॉटलंडच्या ग्लासगोने तिथेच, यजमान बुल्स संघाला २१-१६ हरवून जिंकली.

खेळाची खोली मात्र फ्रान्सच्या टॉप १४ मध्ये. विजेत्याला मिळणारी १८९२ पासूनची ढाल, तूलूझ क्लबचा स्टार खेळाडू आंत्वान द्युपाँ, आणि खाली घसरण्याची भीती: शेवटचा संघ थेट दुसऱ्या श्रेणीत. त्यामुळे तळातले सामनेही जीव तोडून खेळले जातात. मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते. पण रविवारचा मोठा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडनंतर सुरू होतो. भाच्याला ते झेपणार नाही.

इंग्लंडची प्रीमियरशिप २०२२-२३ मध्ये तीन क्लब बुडाल्यापासून १० संघांवर आलीय. जपानच्या लीग वनमध्ये परदेशी तारे भरपूर, आणि दुपारचे सामने आपल्याकडे सकाळी लागतात.

आपली रग्बी प्रीमियर लीग जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला झाली. सहा संघ, विजेता चेन्नई बुल्स. पण ते सात-सात जणांचं रग्बी आहे. वेग मिळेल, पण स्क्रमची, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांत अडकून चेंडूसाठी जोर लावतात त्याची, खरी रेटारेटी नाही. वरच्या लीगमधला पंधरा-पंधरा जणांचा खेळ कळला की हे बघणं सोपं जातं.

फेब्रुवारीत सुपर रग्बीचा हंगाम सुरू झाला की पहिला सामना ड्रुआचा लावायचा, असं आमचं ठरलंय.