पर्गोल्याचे खांब: वरून चकाचक, जमिनीत फक्त 9 इंच

बंगल्याच्या अंगणात किंवा फार्महाउसवर पर्गोला, म्हणजे खांबांवरचा मांडव, करून घ्यायचा विचार असेल तर हे वाचा प्लीज. आमच्याकडे कुणाला लागलं नाही हे फक्त नशीब.

भोरजवळ माझं माहेर आहे. तिथे 10 बाय 12 चा पर्गोला करायचा ठरलं, वर पॉलिकार्बोनेट शीट, एका बाजूने मधुमालती चढवायची आणि मधल्या पाईपला झोपाळा, कारण माझी मुलगी आजोळी गेली की तिला तेवढंच हवं असतं. ओळखीतूनच एक फॅब्रिकेटर (लोखंडी सांगाडे करणारा) मिळाला, बोलायला एकदम गोड. व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवलं त्यात स्पष्ट लिहिलेलं, 3 बाय 3 इंची चौकोनी पाईप, जाडी 3 एमएम, प्रत्येक खांबाला दीड बाय दीड फुटाचा 2 फूट खोल खड्डा, काँक्रीट, वर बेस प्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी प्लेट) आणि ती धरून ठेवायला काँक्रीटमध्ये गाडलेले 4 जे बोल्ट. भाव मात्र स्क्वेअर फुटावर, किलोवर नाही. घरी आईबाबा दोघंच, मी पुण्यात नोकरीला. खड्डे घेताना बाबा तिथेच उभे होते तर हा म्हणतो, "काका, उन्हात कशाला थांबताय, आत बसा, तुमचं काम म्हणजे आमच्या घरचं काम." आणि मला फोटो पाठवला, खड्ड्यात टेप सोडलेली, बरोब्बर 2 फूट.

मे महिन्यात संध्याकाळी वळीव आला आणि अख्खा सांगाडा शीटसकट उचलला जाऊन कंपाउंडच्या भिंतीवर आडवा पडला. थोड्याच वेळापूर्वी मुलगी त्या झोपाळ्यावर होती, विजा चमकायला लागल्या म्हणून आईने तिला आत नेलं. तो विचार अजून डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर दोन खांब काँक्रीटच्या गोळ्यासकट उपटलेले, आणि गोळा केवढा, तर 9 इंच बाय 9 इंच, खोलीही तेवढीच. वर मात्र दीड फुटाचा चौथरा केल्यासारखा सिमेंटचा गुळगुळीत थर फिरवलेला, त्याच्या खाली दगड आणि सुटा मुरूम. आमच्याकडे फूटभर खाली गेलं की कडक मुरूम लागतो, पहार चालत नाही, तिथे याने हात आखडता घेतला. तिसऱ्या खांबाची बेस प्लेट उलटी करून पाहिली आणि मला घाम फुटला. वरून चार नट दिसत होते, त्यातले दोनच खरे, बाकीचे दोन नट नुसते प्लेटवर वेल्ड करून चिकटवलेले, खाली बोल्टच नाही! वर काळा ऑइलपेंट मारला की कुणाला कळणार? आणि तो फोटो मोठा करून नीट बघितला तर खड्ड्याची कड काळ्या मातीची. आमच्या अंगणात काळी माती नावालाही नाही. म्हणजे फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी साइटचा.

पाईपचंही तेच. खांबाचं तोंड टोपी वेल्ड करून बंद केलेलं असतं त्यामुळे जाडी दिसतच नाही. ग्राइंडरने कापून व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर 1.6 एमएम. 3 इंची चौकोनी पाईपची 20 फुटी लांबी 3 एमएमला साधारण 40 किलो भरते, 1.6 ला 22-23 किलो, म्हणजे जवळपास अर्धं लोखंड त्याच्या खिशात. स्क्वेअर फुटाचा भाव याचसाठी असतो, वजनाचा विषयच निघत नाही.

मी त्याला फोन केला तर म्हणे "मॅडम, निसर्गापुढे कुणाचं चालतं?" हे ऐकून माझं डोकंच सणकलं, कारण हा हिशोब कुणीही करू शकतं. ताशी 70 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब स्क्वेअर मीटरला साधारण 23-24 किलो येतो, आमची शीट 11 स्क्वेअर मीटर, तेवढी ओढ वर लागली तर अडीचशे किलोच्या पुढे, म्हणजे खांबामागे साठ-पासष्ट किलो. दीड बाय दीड बाय 2 फुटाचा काँक्रीटचा ठोकळा तीनशे किलो भरतो, 9 इंचाचा भरतो 28 किलो. पुण्याच्या भागासाठी आयएस 875 या भारतीय मानकामध्ये वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 140 किलोमीटर, आणि त्या वाऱ्यालाही कोटेशनमधले ठोकळे वजनाने पुरले असते. त्याने ते केले असते तर ना. शेजारच्यांचा जुना सागवानी मांडव त्याच वाऱ्यात जागचा हलला नाही.

आता नंबर बंद येतो. पावती कच्ची, लेटरहेडवर नुसतं "एमएस पर्गोला" (एमएस म्हणजे साधं पोलाद) आणि एकूण रक्कम, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन आणि यूपीआयचे व्यवहार आहेत माझ्याकडे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्जाची तयारी चालू आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकीलच लागतो असंही नाही, 2 वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो एवढं लक्षात ठेवा. तुटलेले तुकडे भंगारात देऊ नका, आम्ही ती नट चिकटवलेली प्लेट जपून ठेवली आहे.

काम देताना भाव किलोवरच घ्या आणि पाईप साइटवर आला की कापायच्या आधी काट्यावरची चिठ्ठी मागा, उघड्या तोंडाला व्हर्नियर लावून बघा. खड्ड्याचा फोटो नको, व्हिडिओ मागा, ज्यात टेप आणि मागे तुमचं घर एकाच फ्रेममध्ये दिसेल. काँक्रीट अंधारात ओतू देऊ नका. घरी फक्त म्हातारी माणसं असतील तर त्या एका दिवशी सुट्टी टाका किंवा शेजारच्या कुणाला तरी उभं करा. नट बसले की पान्याने प्रत्येक नट स्वतः फिरवून बघा, वेल्ड केलेला नट फिरत नाही.