पाइप न कापता प्रवाहाची दिशा दाखवणारा मीटर

जुन्या इमारतीत कोणत्या पाइपमधून पाणी वर चढते आणि कोणत्यातून खाली उतरते, हे नकाशा हाताशी नसताना ठरवणे कठीण जाते. त्यासाठी आमच्या सोसायटीने पाइपवर बाहेरून बसवायचा अल्ट्रासोनिक फ्लो मीटर घेतला. त्याचे दोन सेन्सर एकमेकांकडे आळीपाळीने ध्वनिलहरी पाठवतात; प्रवाहाबरोबर जाणारी लहर प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या लहरीपेक्षा किंचित लवकर पोहोचते आणि त्या फरकावरून वेगासोबत दिशाही कळते. आकड्यामागे उणे चिन्ह आले की पाणी उलटे वाहत आहे असे समजावे, मात्र सेन्सरांची अदलाबदल झाल्यास हेच चिन्ह फिरते, म्हणून जोडणी आधी नीट तपासावी.

पीव्हीसी पाइपवर रीडिंग चटकन स्थिरावले. पंप बंद केल्यावर उणे आकडा दिसत राहिला, तेव्हा पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मागे सोडत असल्याचे उघड झाले. एवढ्या एका शोधासाठीही हे यंत्र मला मोलाचे वाटते. आतून गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवर सिग्नल क्षीण होतो, आणि पाइप अर्धवट भरलेला असल्यास रीडिंगवर विसंबू नये. आडव्या पाइपच्या माथ्याशी हवा साचत असल्याने सेन्सर बाजूला लावावेत. सेन्सर आणि पाइप यांच्यामध्ये हवेची फट राहू नये म्हणून लावायच्या जेलची सोबत मिळणारी ट्यूब फारच लहान आहे.