आरटीई अ‍ॅडमिशनचा अनुभव (सांगली): 5 पैकी साडेतीन स्टार

पोरीचं पहिलीचं अ‍ॅडमिशन आरटीईतनं (शिक्षण हक्क कायदा, खाजगी शाळेतल्या राखीव मोफत जागा) झालं, गल्लीत रोज कोण ना कोण विचारतंय म्हणून एकदाच लिहून टाकतो. फॉर्म मोफत आहे, मोबाईलवरनंपण भरता येतो, तरी लोक 300-400 रुपये देऊन नेटकॅफेत भरून घेतात. मीपण आधी तिथंच गेलो, नाव नाही घेत. त्या पोरानं मॅपवरचा बलून आमच्या घरावर सोडायचा तो स्वतःच्या दुकानावरच सोडला आणि म्हणतो चालतंय ओ काका, जवळच आहे की. कसलं चालतंय? सगळा खेळच अंतराचा. घरापासनं 1 किलोमीटरच्या आतल्या पोरांना आधी, मग 1 ते 3 वाल्यांना, आणि ते अंतर त्या बलूनवरनंच मोजतात. सबमिट व्हायच्या आधी बघितलं म्हणून बरं, उठलो आणि घरी येऊन बायकोनं आणि मी मिळून भरला. शाळा 10 पर्यंत टाकता येतात पण उगं भरायच्या म्हणून भरू नका, लॉटरीत जी लागली ती घेतली नाही तर पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही. एका पोराचे दोन फॉर्म टाकायची हुशारीपण नको, दोन्ही बाद होतात.

खरं डोकं खाल्लं ते कागदांनी. जन्मदाखला 2019 च्या महापुरात भिजून लगदा झालेला (आम्ही तेव्हा गावभागात होतो), महापालिकेत नवीन काढला, तिथं काही त्रास झाला नाही, नोंद सापडली, फी भरली, मिळाला. ज्यांच्या दाखल्यावर पोराचं नावच घातलेलं नाही त्यांनी मात्र आत्ताच जाऊन घालून घ्या.

भाड्यानं राहणाऱ्यांचं सगळ्यात अवघड. पत्त्याचा पुरावा म्हणून नोटरीचा भाडेकरार चालत नाही, रजिस्टर केलेलाच लागतो, तोपण फॉर्म भरायच्या आधीच्या तारखेचा आणि किमान 11 महिन्यांचा. आता रजिस्टर म्हटलं की घरमालक तोंड फिरवतो, त्याला वाटतं घरपट्टी वाढणार, नाहीतर तुम्ही खोलीच बळकावणार. आमच्या मालकांना समजवायला सासऱ्यांना आणावं लागलं, म्हातारी माणसं एकमेकांचं ऐकतात.

दीड स्टार कापलाय तो उत्पन्नाच्या अटीसाठी. ओपनवाल्यांना वर्षाला 1 लाखाच्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला 8,333 रुपये. कापडपेठेत गठ्ठे उचलणारासुद्धा एवढ्यावर घर चालवत नसंल. मग लोक दाखल्यावर काय आकडा घालून आणतात ते सगळ्यांना म्हाईत आहे, आणि जो खरा आकडा सांगतो तो बाहेर. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटीला ही अट नाही, जातीचा दाखला पाहिजे.

लॉटरी मात्र मला स्वच्छ वाटली. ऑनलाइन निघते, आमच्या वॉर्डातला एक जण 'साहेबाला सांगून नंबर लावतो' म्हणत फिरत होता, त्याला दमडी देऊ नका. मेसेजच्या भरवशावरपण बसू नका, साइटवर अर्ज नंबर टाकून स्वतः बघत जा. 2024 ला सरकारनं नियम बदलला होता, सरकारी शाळा 1 किलोमीटरच्या आत असंल तर तिथल्या खाजगी शाळेत आरटीई नाही असा, तो हायकोर्टानं रद्द केला, त्यामुळं 'आता इंग्लिश मीडियम मिळत नाही' हे जे अजून ऐकवतात ते जुनं झालं.

नंबर लागल्यावर आधी पडताळणी समितीकडं ओरिजिनल कागद दाखवायचे, मग शाळेत. सकाळी लवकर जा, बारानंतर गर्दी. चारचाकी तर नेऊच नका, हरभट रोडला गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात आत काम होतं.

फी आठवीपर्यंत माफ आहे, नववीपासनं शाळेची पूर्ण फी, हे घरात आधीच बोलून ठेवा. व्हॅनवाल्याचं भाडं पहिल्या महिन्यापासनं आपल्याच खिशातनं, त्यावरनं आमच्याकडं अजून वाद चालू आहे.