देशी संस्था + युनिव्हर्सिटीचा फुकट हेल्थ क्लास (शिकागोकडे), जायचं का?

४ स्टार देतेय, ५वा का कापला ते खाली लिहिलंय.

आमच्या इथे एक देशी संस्था आणि युनिव्हर्सिटी मिळून बायकांसाठी क्लास चालवतात (नाव मुद्दाम लिहीत नाही), मी आणि सासूबाई दोघी गेलो. शुगर-बीपी चेकिंग, व्यायाम, खाण्यापिण्यावर गप्पा, सगळं फुकट, आणि फक्त बायकाच म्हणून सासूबाई चक्क साडी सोडून ट्रॅकपँटमध्ये आल्या. फॉर्म मात्र बाप रे! ‘आठवड्यात जोरदार व्यायाम किती मिनिटं’ ह्यावर सासूबाई विचारतात, पोळ्या लाटणं धरायचं का गं? फॉर्म भरून घेणारी मुलगी पेन हातात धरून विचारातच पडली. खाण्याच्या चार्टवर ढोकळा होता, पराठा होता, साबुदाण्याची खिचडी नव्हती, म्हणजे उपासाला आम्ही मोकाट 😄

एक नवीन कळलं, आपल्या लोकांची डायबेटीस टेस्ट बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच करा म्हणतात, बाकीच्यांना २५. अमेरिकन डायबेटीस असोसिएशन २०१५ पासून हे सांगतेय आणि माझा २४ असून डॉक्टरने कधी विषयच काढला नव्हता.

इकडे नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटी आणि मेट्रोपॉलिटन एशियन फॅमिली सर्व्हिसेस ह्या इथल्या संस्थेने मागे मुलं असलेल्या ३० देशी बायकांना घेऊन व्यायामाचा स्टडी केला होता, १६ आठवडे, आठवड्यातून दोनदा, आणि मुलांसाठी पण क्लास ठेवला. ज्याच्या डोक्यातून हे आलं त्याला नमस्कार, कारण मुलांना ठेवायचं कुठे ह्यावरच आपलं सगळं अडतं.

पण वजन धाडकन उतरेल म्हणून जाऊ नका हं. नॉर्थवेस्टर्नचाच मोठा ‘साहेली’ स्टडी, ५४९ जण (पुरुष पण होते), २०२४ ला रिझल्ट आला, काहींना ग्रुप क्लास, काहींना नुसती छापील माहिती, आणि वर्षभराने वजन, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, दोन्हीकडे जवळपास सारखंच! सरळ छापलं तसं, हे मला आवडलं. आणि १६ आठवड्यांत घरचा स्वयंपाक, नोकरी, पाहुणेरावळे थोडंच बदलतंय.

आता ५वा स्टार. आमच्या क्लासवाल्यांनी शेवटचं रक्त घेतलं त्याचे आकडे मागून मागून मिळाले, ते पण इंग्रजी ईमेलमध्ये, सासूबाईंना मीच वाचून दाखवले. रक्त आमचं, रिसर्च पेपर त्यांचा! तेव्हा फॉर्मवर सही करायच्या आधीच विचारा रिपोर्ट कधी देणार, आणि उपाशीपोटी बोलावतात तर पर्समध्ये खायला काहीतरी ठेवा.