जुलाब झाले होते का, हो की नाही?

एकतीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. रक्त काढायचं, नळीवर लेबल चिकटवायचं, आणि लेबलावरचं नाव कागदावरच्या नावाशी जुळतंय का ते दोनदा बघायचं. त्यामुळे क्रूझच्या जेवणावर, केबिनवर आणि रात्रीच्या कार्यक्रमांवर लिहायला पुष्कळ माणसं बसली असली, तरी मी लिहिणार आहे ते जहाजात पाऊल ठेवण्याआधीच्या भानगडीवर. आरोग्याचे फॉर्म, दाखले, डॉक्टरांची पत्रं आणि टर्मिनलमधली तपासणी, एवढंच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि दुसऱ्या कंपन्यांतून जाऊन आलेल्या ओळखीच्यांकडूनही मी साधारण हेच ऐकते.

फेरी नऊ रात्रींची. जाणार होतो तिघी: मी, माझी थोरली बहीण आणि माझी भाची. गेलो दोघीच.

भाचीचं आधी सांगते. तिला पाचवा महिना संपून सहावा लागलेला. कंपनीच्या नियमात लिहिलं होतं की प्रवासाच्या कोणत्याही दिवशी चोविसावा आठवडा लागत असेल तर जहाजावर घेणार नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नियम असाच आहे आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ सांभाळायची सोय जहाजाच्या दवाखान्यात नसते, आणि किनारा दोन दिवस लांब असू शकतो. माझं भांडण नियमाशी नाही, मोजणीशी आहे. चढण्याच्या दिवशी तिचे बावीस आठवडे पूर्ण होत होते, उतरताना तेवीस आठवडे आणि दोन दिवस. आता डॉक्टर मोजतात ते पूर्ण झालेले आठवडे, म्हणजे तेवीस. पण तेवीस पूर्ण झाले की चालू असतो तो चोविसावाच! कंपनीच्या एका बाईंनी फोनवर सांगितलं, ‘चालेल, फक्त डॉक्टरांचं पत्र आणा.’ पत्र आणलं. त्यावर प्रसूतीची अपेक्षित तारीख, एकच गर्भ असल्याचा उल्लेख आणि प्रवासाला हरकत नसल्याचा शेरा. चार दिवसांनी वैद्यकीय विभागाचं मेल आलं की चालू आठवडा धरला जातो, त्यामुळे परवानगी नाही. एवढी एक ओळ बुकिंगच्या पानावर लिहिली असती तर पोरीने बॅग भरली नसती. कुणी गरोदर असेल तर फोनवरच्या होकारावर विसंबू नका, उतरण्याच्या दिवसाचा हिशेब लेखी मागा.

पुढचा गोंधळ पिवळ्या तापाच्या कार्डाचा. वाटेतल्या एका बंदराच्या देशाला त्या लसीचा दाखला लागत होता. मी २००९ साली केनियाला गेले होते तेव्हाचं पिवळं कार्ड माझ्याकडे आहे. त्यावर छापलंय की दहा वर्षं वैध. पण ११ जुलै २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांत बदल झाला आणि हा दाखला आयुष्यभरासाठी वैध धरला जाऊ लागला. जुन्या कार्डांनाही तो बदल लागू आहे, नवीन टोचून घ्यावं लागत नाही. हे मला कामामुळे ठाऊक होतं. कंपनीच्या अ‍ॅपला ठाऊक नव्हतं. त्यात ‘वैधता समाप्तीची तारीख’ नावाचा एक रकाना आहे आणि तो रिकामा ठेवता येत नाही. २०१९ लिहिलं की लाल रंगात ‘दाखला कालबाह्य’. काहीच लिहिलं नाही की पुढचं पान उघडत नाही. मदत कक्षाला मेल केलं, उत्तर आलं, ‘पुढची कोणतीही तारीख टाका.’ मी २०९९ टाकलं. हिरवी खूण आली! म्हणजे पहा, खऱ्या तारखेला लाल आणि मनाने ठोकलेल्या तारखेला हिरवं. टर्मिनलवर ज्या बाईंनी कार्ड हातात घेतलं त्यांनी मात्र तारखेकडे पाहिलंही नाही. सही आणि लसकेंद्राचा शिक्का बघितला, पासपोर्टशी नाव ताडलं, परत दिलं. काम येणारं माणूस असं ओळखू येतं.

ज्यांना पहिल्यांदाच ही लस घ्यायची आहे त्यांनी लक्षात ठेवा की टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो. आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

ताईला ही लस दिली नाही. ती एकाहत्तरची, मधुमेह आहे, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. लस जिवंत विषाणूची असते आणि साठीच्या पुढे पहिल्यांदा देताना डॉक्टर दहादा विचार करतात. तिच्या डॉक्टरांनी त्याच पिवळ्या कार्डावर सूट असल्याचं लिहून सही-शिक्का दिला आणि वेगळं पत्रही दिलं. कंपनीने ते आधी मागवून घेतलं आणि सरळ कळवलं की जहाजावर घेऊ, पण त्या देशाचे अधिकारी किनाऱ्यावर उतरू देतील याची हमी नाही. ही मला आवडलेली गोष्ट. गोड बोलून फसवलं नाही. ताईने तो दिवस डेकवर खुर्ची टाकून काढला आणि सगळ्या दिवसांत तोच तिला जास्त आवडला म्हणे.

आता जुलाबाचं. माझं खरं म्हणणं इथे आहे.

टर्मिनलमध्ये शिरल्यावर एक आरोग्य-प्रश्नावली भरायची असते. ताप, खोकला, आणि गेल्या तीन दिवसांत उलट्या किंवा जुलाब झाले का. पुढे ‘हो’ आणि ‘नाही’. कुणाला वाटेल की नुसती औपचारिकता आहे. तसं नाही. जहाजावर नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणू, शिरला की तो कठड्यावरून, चमच्यावरून, लिफ्टच्या बटणावरून फिरतो. लागण झाल्यावर बारा ते अठ्ठेचाळीस तासांत माणूस आडवा होतो, आणि बरं वाटल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त काळ शौचातून विषाणू जात राहतो. दारात ठेवलेलं अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यापुढे फारसं चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. ज्या जहाजांच्या फेरीत अमेरिकेचं बंदर असतं त्यांना पोटाच्या रुग्णांची नोंद ठेवावी लागते. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के आजारी पडले की ती साथ म्हणून जाहीर यादीत येते. शिवाय कप्तानाला बंदराकडे आरोग्याचं घोषणापत्र द्यावं लागतं. त्यात विचारलेलं असतं, कुणी दगावलं का, आजारी माणसं नेहमीपेक्षा जास्त आहेत का. आपण टर्मिनलमध्ये केलेली खूण त्या साखळीची पहिली कडी आहे.

आमच्या पुढे एक कुटुंब होतं. मुलगा सात-आठ वर्षांचा, चेहरा उतरलेला. आईने प्रश्न वाचला, वडिलांनी तिच्या हातातून टॅबलेट घेतला आणि सगळीकडे पटापट ‘नाही’ दाबलं. मुलगा म्हणाला, ‘पण काल गाडीत...’ वडील म्हणाले, ‘गप्प.’ दोन मिनिटांत ते आत.

आमची ताई मात्र आयुष्यभर शाळामास्तरीण. तिच्या मधुमेहाच्या औषधाचा डोस महिन्याभरापूर्वी वाढवला होता, मेटफॉर्मिनचा, आणि त्याने पोट बिघडतं हे सर्वांना माहीत असलेलं आहे. आदल्या सकाळी एकदा पातळ झालं होतं. मी तिच्या कानात म्हटलं, ‘अगं, ते औषधाचं आहे, नाही लिही.’ (हो, एकतीस वर्षं लेबलं तपासणारी मी हे म्हणाले. रांगेत उभं राहून पाय दुखत होते.) तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ‘हो’वर बोट ठेवलं.

आम्हाला बाजूला घेतलं. पडद्यामागे दोन खुर्च्या, एक टेबल, एक नर्स. चाळीस मिनिटं लागली. त्यातली तीस नर्सची वाट बघण्यात गेली, कारण अख्ख्या टर्मिनलला ती एकटीच. पण आल्यावर तिने जे केलं ते नमुनेदार होतं. किती वेळा, कधी, उलटी होती का, ताप होता का, घरात आणखी कुणाला. औषधांची यादी मागितली. ताईकडे डॉक्टरांचं ताजं पत्र होतं, त्यात औषधांची मूळ नावं, डोस आणि डोस वाढवल्याची तारीख. नर्सने जहाजावरच्या डॉक्टरांना फोन लावला, तारीख वाचून दाखवली आणि परवानगी मिळाली. संध्याकाळी केबिनमध्ये फोन करून पुन्हा चौकशीही केली. त्या पत्राशिवाय काय झालं असतं याचा मी विचार करत नाही.

पण व्यवस्था म्हणून बघा. खोटं बोलणाऱ्याला दोन मिनिटं, खरं बोलणाऱ्याला चाळीस, आणि वर परत पाठवतील ही धाकधूक. ‘हो’ म्हटलं तर प्रवास रद्द होतो का, पैसे परत मिळतात का, की नुसती विचारपूस होते, हे त्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही. मग माणसं दुसरं काय दाबणार? एक नर्स जास्त ठेवा आणि ‘हो म्हणणाऱ्या बहुतेकांना आम्ही विचारपूस करून आत घेतो’ असं खरं असेल तर तसं मोठ्या अक्षरात लिहा. लॅबमध्ये आम्ही उपाशीपोटी आलात का विचारायचो. ‘नाही’ म्हटल्यावर ओरडणारी बाई असली की सगळेच उपाशी यायचे.

कोविड चाचणीच्या काळातही मी एकदा क्रूझवर गेले आहे, २०२२च्या सुरुवातीला. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात जपानच्या योकोहामा बंदरात उभं केलेलं डायमंड प्रिन्सेस हे क्रूझ जहाज ताजं होतं, २०२० फेब्रुवारीतलं, ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना लागण. त्यामुळे लसीचं प्रमाणपत्र आणि कोविड चाचणी दोन्ही सक्तीचं, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करत नव्हतं. गोंधळ होता तो ‘दोन दिवस’ या शब्दांचा. मेलमध्ये ‘निघण्याआधी दोन दिवसांत’, अ‍ॅपमध्ये ‘४८ तास’. जहाज शनिवारचं, मी चाचणी केली गुरुवारी सकाळी नऊला. दिवस मोजले तर बरोबर, तास मोजले तर शनिवारी दुपारी एकला बावन्न. काउंटरवरच्या मुलाने बोटांवर मोजलं, शेजारच्याला विचारलं, त्याने पुन्हा मोजलं. शेवटी दिवस धरले. माझ्या मागच्या जोडप्याने घाबरून तिथेच पुन्हा स्वॉब दिला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जहाजांसाठीचा कोविड कार्यक्रम १८ जुलै २०२२ रोजी बंद केला आणि हळूहळू चाचण्याही गेल्या. नियम गेले तरी शब्दांतला ढिसाळपणा तसाच राहिला, हे भाचीच्या प्रकरणाने कळलंच.

कागदांबद्दल थोडकं. नाव सगळीकडे पासपोर्टसारखंच हवं. ताईच्या पासपोर्टवर तीन नावं, विम्यावर दोन, डॉक्टरांच्या पत्रावर फक्त आडनाव आणि आद्याक्षर. मी पत्र परत पाठवून नीट लिहून घेतलं आणि पासपोर्ट क्रमांकही घालायला लावला. विमा राहिला होता, त्यावर काउंटरवर प्रश्न आलाच. विम्यात जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचा आणि आधीचे आजार लपवू नका. पासपोर्टची मुदत परतल्यावर सहा महिने तरी उरलेली असावी. जहाज शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येतं ते युरोपातले देश) बाहेर पडून पुन्हा आत येत असेल आणि तुम्हाला व्हिसा लागत असेल, तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही.

आणि हे सगळं हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा टर्मिनलच्या दारातच काढून घेतात आणि त्या केबिनपाशी संध्याकाळी येतात. आमच्यासमोर एक गृहस्थ पासपोर्ट बॅगेत ठेवून मोकळे झाले होते, त्यांच्या बॅगेचा शोध चालला होता तो आम्ही आत जाईपर्यंत संपला नव्हता. ताईचं इन्सुलिन आणि दोन दिवसांच्या गोळ्या मूळ वेष्टनासकट माझ्या पर्समध्ये होत्या. वापरलेल्या सुया टाकायला डबा मागितला तर केबिनच्या मुलाने दहा मिनिटांत आणून दिला, फॉर्म न भरता.

गुण द्यायचे तर नर्सला पाचपैकी पाच, कार्ड तपासणाऱ्या बाईंना पाच, अ‍ॅपला दीड. तो दीडही बोर्डिंग पास नीट उघडला म्हणून.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी अभिप्रायाचं मेल आलं, ताईच्या नावाने. मधलं नाव गाळून.