दुकानाच्या काचेला एलईडी फिल्म लावावी का पारदर्शक एलसीडीचा शोकेस घ्यावा?

हल्ली दुकानवाल्या मित्रमंडळीत कुणी ना कुणी हे विचारतंच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आमचं पैठण्यांचं दुकान, संभाजीनगरात गुलमंडीच्या बाजूला, आणि दोन्हीचे डेमो दुकानातच लावून बघितलेत. फिल्म म्हणजे काचेला चिकटवायचा बारीक एलईडी दिव्यांचा पारदर्शक पापुद्रा, आणि शोकेस म्हणजे आत दिवे आणि खरा माल ठेवायचं खोकं, त्याच्या पुढच्या बाजूला काचेसारखा एलसीडी पडदा. ओएलईडी हा पारदर्शक पडद्याचा तिसरा प्रकार, तो यात धरत नाही. एलजीनं ७७ इंची पारदर्शक टीव्ही २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत विकायला काढला तो जवळपास ६० हजार डॉलरला, तेवढ्यात इथं मालासकट दुकान उभं राहतंय राव.

फिल्मचं आधी चांगलं सांगतो. उजेड लय भारी. दुपारचं ऊन थेट काचेवर आलं तरी चित्र दिसतं, गाडीवरून जाणाऱ्यालाही दिसतं, आणि बंद केली की काच बऱ्यापैकी मोकळी, आतून रस्ता दिसत राहतो. तुमचं दुकान जालना रोडसारख्या रुंद रस्त्यावर असेल तर फार डोकं लावू नका, फिल्मच बघा. फक्त दिव्यांच्या ठिपक्यांमधलं अंतर विचारा. १० मिलिमीटरची असली तर ढोबळमानानं १० मीटरवरून चित्र जमून येतं, आणि आमच्या गल्लीत गिऱ्हाईक काचेला नाक लावून उभं राहतं. तिथून पदरावरचा मोर म्हणजे नुसते दिवे.

तरी तेवढं चालवून घेतलं असतं. माझं डोकं फिरवलं काळ्या रंगानं. संक्रांतीच्या आधी आमच्याकडं काळ्या चंद्रकळेची विचारणा असते, तर डेमोला आलेल्या पोराला म्हटलं, हा फोटो लाव बरं. लावला, तर साडीच गायब! फिल्म स्वतः उजेड फेकते, त्यामुळं काळं म्हणजे दिवा बंद आणि दिवा बंद म्हणजे आरपार काच. काठ आणि पदर हवेत लटकलेले आणि त्यांच्या मधून आमचे मामा गल्ल्यावर बसून चहा प्यायलेत ते दिसतंय. आणि फोटोतला मागचा पांढरा पडदा मात्र डोळ्यात घुसेल असा चौकोन होऊन पेटलेला. पोरगं म्हणतंय, "भाऊ, एडिट करून घ्यायचं, मागं काळं टाका, साडी थोडी निळसर करा." म्हणजे प्रत्येक नव्या मालाला हे करत बसायचं, आणि वर कुणी काकू आत येऊन म्हणणार की बाहेर दाखवली ती निळीच दाखवा, तेव्हा त्यांना काय सांगू?

एलसीडीत बरोबर उलटं होतं. तिला स्वतःचा उजेड नाही, मागून आलेला उजेड ती अडवते नाहीतर सोडते, म्हणून पांढरं तिथं आरपार आणि काळं तिथं खरंच काळं. आता विणकर काय, होलसेलवाले काय, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात ते बहुतेक पांढऱ्या पडद्यावरचेच. तसाच्या तसा टाकला की पडदा विरघळतो, चंद्रकळा काळीभोर दिसते आणि तिच्या बाजूनं खोक्यात ठेवलेली खरी घडी दिसते. एडिटिंगची भानगडच नाही. मला हे फार आवडलं, लपवत नाही.

त्रास आहेतच. पडद्यातले पोलरायझर (उजेड गाळणारे थर) आणि रंगांचे फिल्टर मिळून एवढा उजेड खातात की साधारण १०-१५ टक्केच पार होतो, त्यामुळं खोक्यात दिवे जोरदार लागतात आणि दिवे बंद म्हणजे काळा गॉगल लावून बघितल्यासारखं. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर हे पण घ्यावं लागतं. दिवे तापतात, त्यात आपला मे महिना, म्हणून हवेला भोकं ठेवायची आणि त्याच भोकांतून धूळ आत येते, मग आतली काच पुसायला मागचं दार उघडून अर्धं अंग आत घालावं लागतं. थेट उन्हात ठेवू नका, बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं. आमचा दाराच्या आत, सावलीत आहे. आणि भारी रेशीम त्या उजेडात महिनोन्महिने ठेवायचं नाही, रंग उडतो, आम्ही आतला नग बदलत राहतो.

ज्याचं त्याचं गणित वेगळं, मी काही यातला इंजिनिअर नाही. पण डीलरच्या डेमो व्हिडिओवर जाऊ नका, फिल्मवाले काळ्यावर नाचणारे रंगीत मासेच दाखवतात, ते छानच दिसणार. आपले फोटो पेनड्राईव्हवर घेऊन जा, सगळ्यात काळा आणि सगळ्यात पांढरा माल लावायला सांगा. कपडा, भांडी, चपला असं पांढऱ्यावर फोटो काढून विकणाऱ्यांना मी तरी एलसीडीच सांगेन. सोनाराचं मात्र वेगळं, त्यांचे फोटो बहुतेक काळ्या मखमलीवरचे, फिल्मवर मखमल जाते आणि ठुशी तेवढी चमकत राहते, त्यांनी माझं ऐकू नये.